समाजमिती : किती उपयोगी, किती अपुरी?

बी.एड.च्या अभ्यासात समाजमिती आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. ‘तुला कोणाशेजारी बसायला आवडेल?’ असे प्रत्येक मुलाला विचारायचे आणि उत्तरे बाणांनी जोडायची, की वर्गाचा समाजालेख तयार होतो. जेकब मोरेनो यांनी १९३४ च्या ‘हू शॅल सर्व्हाइव्ह?’ या ग्रंथात ही पद्धत विस्ताराने मांडली. पुढे १९८२ मध्ये कोई, डॉज व कोपोटेली यांनी नापसंतीही मोजली आणि दुर्लक्षित मूल व नाकारलेले मूल वेगळे असते हे दाखवले. पहिल्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. दुसऱ्याचे नाव ‘नको’ म्हणून घेतले जाते. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे.

पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मुले आपापल्या मनाने निवड करतात. ती कितपत खरी? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील जब्याच्या वर्गाचा समाजालेख काढून पाहा. जब्या व पिऱ्या एकमेकांना निवडतील. शालूकडे गेलेला जब्याचा बाण परत येणार नाही. पण असे बाण प्रत्येक वर्गात असतात. कागदावर जब्या ‘एकाकी’ ठरणारच नाही! मात्र घरच्यांबरोबर डुकरे पकडताना सोबतची मुले त्याची टिंगल करतात, तेव्हा कळते की त्याचे स्थान वर्गाबाहेर, गावानेच ठरवलेले आहे.

म्हणून पद्धत टाकून द्यावी असे नाही. तिला जोड द्यावी. समाजालेखावर प्रत्येक मुलाची वस्ती व हजेरीही नोंदवा. बाण वस्तीची सीमा ओलांडतात का, ते पाहा. अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरसारख्या गावात एखादे मूल पर्यटकांच्या हंगामात दुकानावर किंवा कापूस वेचणीला गेले, तर त्याला कमी मते मिळण्याचे कारण स्वभाव नसून गैरहजेरी असू शकते.

‘कोण नको?’ हा प्रश्न मात्र वर्गात विचारू नये. जातीची उतरंड असलेल्या गावात त्या प्रश्नाने तिरस्काराला शिक्षकाचीच संमती मिळते. त्यापेक्षा धड्याचे भाग करून एकेक भाग एकेका मुलाकडे सोपवावा, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते. इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिन येथे कृष्णवर्णीय, गौरवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वर्गांत हाच मार्ग वापरला. काही आठवड्यांनी समाजालेख पुन्हा काढा. मुलांना गुण देण्यासाठी नव्हे, आपल्या अध्यापनाची परीक्षा म्हणून!