नक्षी कांथा : घरातून बाजारात

फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९७८ मध्ये 'आरोंग' हे हस्तकला विक्रीकेंद्र सुरू केले. माणिकगंज परिसरातील स्त्रियांचा माल ढाक्याचे दुकानदार ठेवून घेत. पैसे मात्र महिनोन्‌महिने हाती पडत नसत. माल पोहोचताच मोबदला देणे हा आरोंगचा मूळ हेतू होय. त्याची सामाजिक जाणीव शोधावयाची झाल्यास ती याच रोकड्या व्यवहारात सापडते, वस्तूला जोडलेल्या भावुक चिठ्ठीत नव्हे. ग्राहक किती सहृदय आहे यापेक्षा भांडवल कोणाचे अडकून पडते, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

तथापि नक्षी कांथेच्या बाबतीत एवढे उत्तर पुरत नाही. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेली कांथा मुळात विक्रेय वस्तू नव्हती. आपल्याकडील गोधडीप्रमाणेच ती घरच्या माणसांसाठी शिवली जाई, आणि तीवर काय चितारावयाचे हे शिवणारीच ठरवी. जसीमुद्दीन यांच्या 'नक्शी कांथार माठ' (१९२९) या काव्यातील नायिका तर स्वतःची व्यथाच कांथेवर भरते. बाजारासाठीच्या कांथेत कापड नवे असते, नक्षी बहुधा डिझायनरने आधीच आखून दिलेली असते आणि मोबदला कामाच्या मापाने ठरतो. ग्रामीण स्त्रीला रोख पैशाची निकड असते, हे निर्विवाद आहे. परंतु आखलेल्या रेषेवर टाके घालणारीस कलावंत म्हणावयाचे की कुशल मजूर, हे मजुरीचा दर ठरविताना क्वचितच विचारले जाते; जाहिरातीत मात्र ती नेहमी कलावंतच असते.