संशोधनासाठीची आज्ञावली आणि तिचे अनामिक कर्ते : एक चिकित्सा

प्रस्तावना :

उमरखेडकडून पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. तेथून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथच्या परिसरात, हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आपल्या भागात या प्रकल्पाविषयी बोलले जाते ते जमिनीबद्दल, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांबद्दल आणि संभाव्य रोजगाराबद्दल. परंतु या भुजांच्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असतो आणि तो गोंगाटात बुडालेला असतो. त्यातून लहर वेचून काढण्याचे काम संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, करते. ही आज्ञावली लिहिणाऱ्या चमूंसमोरील अडचणींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कल्पना आणि आज्ञावली :

बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा १९९१ चा शोधनिबंध या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. परस्परांभोवती फिरत एकत्र येणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरींचे संभाव्य नमुने आधीच तयार ठेवायचे आणि वेधांशी ते एकेक करून ताडून पाहायचे, ही त्यामागील दृष्टी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली, तेव्हा तिच्या विश्लेषणात नमुने ताडण्याची हीच रीत वापरण्यात आली होती. निबंधाचा उल्लेख पुढील संशोधक करतात आणि तो योग्यच आहे. मात्र ती कल्पना दोन दशके यंत्रावर चालती ठेवणाऱ्या, दर नव्या संगणकासाठी तिची पुनर्रचना करणाऱ्या हातांची नोंद तितक्या ठळकपणे होत नाही.

येथे एक मूलभूत अडचण लक्षात घ्यावी लागते. बँकेसाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला अचूक उत्तर कोणते हे ठाऊक असते; संशोधनासाठी लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसते, कारण ते शोधण्यासाठीच तर आज्ञावली लिहायची! मग ती बरोबर चालते हे ठरवायचे कसे? लायगोने सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच वेधांत एक बनावट लहर गुपचूप मिसळली. विश्लेषकांनी ती शोधली, निबंधाचा मसुदाही सिद्ध केला, आणि ती खोटी असल्याचे त्यांना मार्च २०११ मध्ये सांगण्यात आले. अशी परीक्षा घेण्यास मोठी यंत्रणा आणि मोठे मन दोन्ही लागतात. ती न घेतल्यास काय घडते याचे उदाहरण प्रथिनांची रचना अभ्यासणारे जेफ्री चँग यांचे आहे. प्रयोगशाळेतील घरगुती आज्ञावलीत दोन रकान्यांची अदलाबदल झाल्यामुळे त्यांच्या गटाला ‘सायन्स’मधील तीन निबंध डिसेंबर २००६ मध्ये मागे घ्यावे लागले. चूक जीवशास्त्राची नव्हती.

व्हीओप्लॉटचा धडा :

२००० च्या दशकाच्या प्रारंभी आयुका आणि पुण्याचीच पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी आभासी वेधशाळेच्या प्रकल्पात ‘व्हीओप्लॉट’ हे साधन विकसित केले. खगोलीय सारण्यांतील माहिती आलेखात मांडणारे हे साधन फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या ‘व्हिझिए’ या तारासूचींच्या भांडाराशी जोडले गेले. शास्त्रज्ञ आणि व्यावसायिक अभियंते एकत्र आल्याचे ते आपल्याकडील उत्तम उदाहरण होते. त्याचे एक रूप ब्राउझरमध्ये चालणारे जावा अॅपलेट होते. २०१५ ते २०१७ या काळात प्रमुख ब्राउझरांनी अॅपलेटचा आधार काढून घेतला आणि त्या रूपाचा मार्ग खुंटला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये सुरू झालेले, जावातच लिहिलेले ‘टॉपकॅट’ मात्र मार्क टेलर यांनी सातत्याने जोपासल्यामुळे आजही खगोलशास्त्रज्ञांच्या वापरात आहे. दोन्ही साधनांची जडणघडण सारखी नसल्याने ही तुलना फार ताणता येणार नाही. तरीही साधनाच्या आयुष्यात भाषेपेक्षा जोपासणाऱ्या माणसाला अधिक महत्त्व आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रकल्पाचा निधी निर्मितीसाठी मिळतो. डागडुजीसाठी निधी मागणे हे आपल्याकडे जवळजवळ अपयशाची कबुली समजले जाते.

एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकाला एका जुन्या संगणकावरील फोरट्रॅनची आज्ञावली वापरावी लागली. लिहिणारा विद्यार्थी केव्हाच नोकरीला लागला होता. आतील एका स्थिरांकाची किंमत कोठून आली, हे शोधण्यात तीन महिने गेले आणि अखेर ती अंदाजाने ठेवली असल्याचे निष्पन्न झाले.

कापूस उत्पादक यवतमाळला हा प्रश्न परका नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेले ‘इन्फोक्रॉप’ हे पीकवाढीचे प्रतिमान कापसासाठी जुळवून उत्पादनाचा अंदाज बांधण्याचे काम शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. वाण बदलले, लागवडीचे अंतर बदलले, २०१७ सारखा गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव झाला, की अशा प्रतिमानाचे आकडे पुन्हा पडताळावे लागतात. छापलेला निबंध मात्र होता तसाच राहतो.

मूल्यमापनाचा प्रश्न :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने संशोधन गुणांकांच्या तक्त्यात निबंध, ग्रंथ, भाषांतर, मार्गदर्शन, प्रकल्प, पेटंट यांना स्थान दिले. आज्ञावली जोपासण्याला स्वतंत्र रकाना दिला नाही. साहजिकच हुशार तरुण आज्ञावली दुरुस्त करण्यापेक्षा निबंध लिहिणे पसंत करतो. त्याला दोष कसा द्यावा? ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे नियतकालिक २०१६ पासून आज्ञावलीचेच समीक्षण करून प्रसिद्धी देते. महाविद्यालयीन नियतकालिके, प्रस्तुत नियतकालिकासह, लेखकाकडे संदर्भसूची मागतात. त्याने गणन कोणत्या आज्ञावलीने केले, हेही ती विचारू शकतात. त्याला खर्च काहीच नाही.

लायगोच्या शोधांचे वेध आज सर्वांना खुले आहेत आणि ते तपासणारी ‘पायसीबीसी’ ही आज्ञावलीही खुली आहे. यवतमाळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी साध्या संगणकावर २०१५ ची ती लहर पुन्हा शोधू शकतो. तसे करताना त्याला आज्ञावलीत एखादी चूक सापडली आणि त्याची दुरुस्ती चमूने स्वीकारली, तर महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात ती कोणत्या शीर्षाखाली नोंदवायची?