अभंगाची पट्टी, लय आणि भाव

आषाढी एकादशी जवळ आली की शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. पुढे पालखी, मागे टाळ आणि ध्वनिक्षेपकावर एखाद्या नामवंत गायकाचा अभंग. हिंगोली जिल्ह्यात तर नामदेवांचे अभंग हवेतच, कारण त्यांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. मुले उत्साहाने त्या आवाजाबरोबर गाऊ लागतात आणि दोन ओळींनंतर गप्प होतात. मुलांना गाण्याची गोडी नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण त्या ध्वनिमुद्रणाकडे जरा चिकित्सकपणे पाहू. त्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात : पट्टी, लय आणि भाव.

षड्ज कोठे धरला, ती पट्टी. आपल्याकडे ती गळ्याप्रमाणे ठरते. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. तरीही राग तोच राहतो, कारण तो स्वरांच्या कंपनसंख्यांच्या गुणोत्तरांवर उभा असतो. षड्ज दर सेकंदाला २४० कंपनांचा असेल तर पंचम ३६० चा. षड्ज २७० चा घेतला तर पंचम ४०५ चा. दीडपट ही कायमच. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती रागवार लावलेली आहेत. पट्टी मात्र कोठेही नेमून दिलेली नाही. ती गाणाऱ्यावर सोपवली आहे.

युरोपात पट्टीलाच स्वभाव असतो असे मानणारे पुष्कळ होते. योहान माथेसन या जर्मन संगीतज्ञाने १७१३ मध्ये एकेका पट्टीचे भाव वर्णन केले. (तिकडे पट्टीच्या नावातच स्वरसप्तकाचा प्रकारही येतो, हे लक्षात ठेवावे.) आता त्याच काळातल्या योहान सेबास्टियन बाखचे 'बी मायनर मास' हे भक्तिसंगीत घ्या. आज जुन्या धर्तीची वाद्ये वापरणारे कलावंत बहुधा 'ए' हा स्वर ४१५ कंपनांवर लावतात; आधुनिक वाद्यवृंदात तो साधारण ४४० वर असतो. म्हणजे तीच रचना अर्ध्या स्वराने उतरते. भाव जर पट्टीत असता तर तोही बदलायला हवा होता. ऑटो क्लेम्पररचे १९६७ चे मुद्रण आणि जोशुआ रिफकिनचे १९८२ चे मुद्रण ऐकताना फरक जाणवतो खरा. पण पहिल्यात मोठा गायकवृंद आणि संथ लय आहे, तर दुसऱ्यात एका ओळीला एकच गायक आणि चपळ लय आहे. फरकाचे श्रेय प्रथम त्यांना द्यायला हवे.

कोमल स्वर म्हणजे दुःख, हाही असाच एक सोपा समज. किशोरी आमोणकरांनी गायिलेला सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' भैरवीत आहे. रिषभ, गंधार, धैवत, निषाद हे चारही कोमल असलेला हा राग. पण ऐकणाऱ्याच्या मनात आनंदच भरून राहतो. नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' राम फाटकांनी अहिरभैरवात बांधला आणि पंडित भीमसेन जोशींनी तो घरोघरी पोहोचवला. त्यातही कोमल रिषभ आणि कोमल निषाद आहेत, आणि दुःखाचा मागमूस नाही. विठ्ठल हा एकच शब्द पुन्हापुन्हा येतो, दर वेळी निराळ्या वजनाने, आणि ठेका त्याला सावरून धरतो. भाव घडतो तो स्वरांतर, शब्द आणि लय यांच्या संगतीतून.

या मुद्रणाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी. ते एकट्या असामान्य गळ्याचे गाणे आहे. वारकरी भजनात चाल संथ सुरू होते, टाळकरी ओळ उचलतात, लय हळूहळू चढते आणि गजरापर्यंत जाते. तो चढ जमावाच्या श्वासावर ठरतो. मुद्रणात लय आणि पट्टी दोन्ही आधीच ठरलेल्या असतात. पाठीमागे कोण गात आहे याची त्याला दखल नसते.

मुलांचे काय होते ते आकड्यांत पाहू. काळी एक पट्टीत पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा असतो. तिथे मुलांचा गळा उतरत नाही, म्हणून ती एक सप्तक वर, २७७ पासून गातात. गायक तार सप्तकाच्या मध्यमापर्यंत चढला की मुलांना ७४० च्या आसपास जावे लागते, आणि तिथे बहुतेकांचा आवाज चिरकतो. मग ती गप्प बसतात. ध्वनिक्षेपक मोठा केला की हे गप्प बसणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॅसेटच्या काळात पट्टी आणि लय एकमेकींना बांधलेल्या होत्या. फीत सहा टक्के जलद फिरली की पट्टी अर्ध्या स्वराने चढे आणि सहा मिनिटांचा अभंग सुमारे ५ मिनिटे ४० सेकंदांत संपे. आता फोनवर दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात, म्हणून वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. एकच चाल प्रथम दोन पट्ट्यांत ऐकवा, नंतर त्याच पट्टीत दोन लयींत ऐकवा. प्रत्येक वेळी मुलांनी भाव एका शब्दात लिहावा, शेजाऱ्याचे न पाहता. सगळ्या नोंदी फळ्यावर मांडून कोणत्या बदलाने शब्द अधिक बदलले ते मोजा.

एवढे झाल्यावर दिंडीत मोठ्यांचे मुद्रण बंद ठेवावे. पेटीवर मुलांना झेपेल असा षड्ज शोधावा, लय त्यांच्या पावलांवर सोडावी. मुद्रण वर्गात शांतपणे ऐकण्यासाठी आहेच.