खराट्याचे चिन्ह आणि श्रमोत्तर समाज

पोटासाठी काम करण्याची सक्ती जेथे उरलेली नाही, अशा समाजात गटारे कोण उपसणार? श्रमोत्तर समाजाच्या कल्पनेपुढे हा प्रश्न नेहमीच उभा केला जातो. यूटोपियन वाङ्मयाने त्याला दिलेली उत्तरे बोलकी आहेत. फूरियेने हे काम घाणीत रमणाऱ्या मुलांच्या टोळ्यांकडे सोपविले आणि त्यांना समाजात अग्रमान दिला. बेलमीच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये (१८८८) कष्टाच्या कामाचे तास कमी होतात. विल्यम मॉरिसच्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मधील (१८९०) कचरा उचलणारा तर सोनेरी वेलबुट्टीच्या पोशाखात अवतरतो. आवड, सवलत आणि शोभा अशी ही तीन उत्तरे होत. तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे : काम निवडणारी व्यक्ती आधीपासूनच मोकळी आहे. भारतीय समाजात नेमके हेच गृहीत कोसळते. येथे प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच जन्माने त्याचे उत्तर देऊन टाकलेले असते. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांचे १९३६ मधील प्रतिपादन म्हणूनच येथे निर्णायक ठरते.

या संदर्भात गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) खराट्याचे वाचन नव्याने करावयास हवे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात जन्मलेला आणि आजच्या अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाच्या शेतात राबून वाढलेला डेबूजी १९०५ मध्ये घर सोडतो. पुढे अनोळखी गावात शिरताच तो रस्ते झाडू लागतो. हे काम त्याच्या जातीने त्याला नेमून दिलेले नाही आणि त्याची मजुरीही तो घेत नाही. जन्म आणि वेतन या दोन्हींपासून झाडण्याची क्रिया येथे सुटी होते. परंतु झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो, आणि तोवर झाडणारा पुढच्या गावी गेलेला असतो. ही उणीव रात्रीचे कीर्तन भरून काढते. वऱ्हाडी बोलीतील प्रश्नांना श्रोत्यांकडून मोठ्याने उत्तरे घेणारा हा कीर्तनप्रकार उपदेशापेक्षा उलटतपासणीच्या अधिक जवळ जातो. सकाळचा खराटा आणि रात्रीचा प्रश्न मिळून एक संहिता होते. त्यांतील एक भाग वगळला की दुसऱ्याचा अर्थ बदलतो.

नंतरच्या चरित्रपर व गौरवपर लेखनात घडले ते हेच. खराटा विठोबाच्या वीटेसारखा संताचे लक्षण बनला. क्रियेचे गुणात रूपांतर झाले आणि ‘उद्या कोण झाडणार’ हा प्रश्न वंदनीयतेत विरून गेला. सफाईच्या उदात्तीकरणाबद्दल डॉ. आंबेडकरांनी गांधीविचारावर १९४५ मध्ये घेतलेला आक्षेप या लेखनालाही लागू पडतो. मात्र बाबांच्या कृतीला तो सरसकट लावता येणार नाही. जन्माने झाडणाऱ्याने आपल्या कामाचा अभिमान बाळगावा, असा तिचा आशय नाही. ज्यांनी कधी खराटा धरला नाही, त्यांच्या हाती तो देणे हा तिचा रोख आहे. पाया पडू देण्यास त्यांनी केलेला विरोधही याच संहितेचा भाग होय, कारण वंदन हा काम टाळण्याचा सभ्य मार्ग असतो.

तरीही या चिन्हाची मर्यादा स्पष्ट आहे. स्वेच्छेने खराटा उचलणाऱ्याला तो ठेवताही येतो. नगरपालिकेच्या सफाई कामगाराला ती मुभा नसते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार राज्यातील नागरी संस्थांत सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत प्राधान्य मिळते. ज्या जन्मसिद्धतेने माणसाला जखडले, तीच येथे आर्थिक सुरक्षिततेचा आधार झाली आहे, आणि दुसरा आधार नसल्यामुळे कामगार तिचे रक्षण करतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ व २०१३ मध्ये कायदे झाले. गटारांतील मृत्यू मात्र थांबले नाहीत.

म्हणून श्रमोत्तर समाजाच्या चर्चेत ‘नकोसे काम कोण करील’ हा प्रश्न अपुरा आहे. ते काम आज ज्यांच्याकडे आहे, त्यांना ते सोडून देता येईल काय आणि सोडल्यावर जगता येईल काय, हा त्याआधीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत इतरांचा स्वेच्छेचा खराटा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचा अर्थ अपूर्णच राहणार.