नाण्याची मागील बाजू

प्राचीन रोमन कांस्यनाण्यांचे संग्राहक बहुधा मुखवटे जमवितात. ऑगस्टसपासून एकेक सम्राट ओळीने मांडावा आणि एखादी जागा रिकामी राहिल्यास ती भरण्यासाठी झुरावे, ही या छंदाची रूढ रीत होय. तिला प्रतिष्ठित परंपराही आहे. १३५४ साली कवी पेत्रार्क याने सम्राट चौथा चार्ल्स यास प्राचीन राज्यकर्त्यांच्या मुद्रा असलेली सोन्यारुप्याची नाणी भेट दिली, ती चार्ल्सने त्यांचे अनुकरण करावे म्हणून. मुद्रेकडे आदर्श म्हणून पाहण्याची ही दृष्टी आमच्या मते नाण्याचे अर्धेच वाचन करते.

या मुखवट्यांचे कलागुण आम्ही नाकारीत नाही. व्हेस्पासियनचे सेस्टर्शियस घ्यावे. संग्राहक त्याला कांस्य म्हणतात, वस्तुतः ते पितळेचे असते. त्यावरील सम्राट जाड मानेचा, विरळ केसांचा, सुरकुतलेला आहे. ठसा कोरणाऱ्याने त्याचे वय लपविलेले नाही, आणि या प्रांजळपणाची रसिक मनापासून वाखाणणी करतात. परंतु इ. स. ७१ मधील याच्या काही नाण्यांची मागील बाजू पाहावी. तेथे खजुरीच्या झाडाखाली एक यहूदी स्त्री शोक करीत बसली आहे आणि ‘यहूदिया जिंकला’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. आदल्याच वर्षी यरुशलेमचे मंदिर जळाले होते. दर्शनी बाजूचा प्रांजळपणा आणि मागील बाजूचा विजयोन्माद एकाच टाकसाळीतून, एकाच धातूच्या तुकड्यावर उतरले आहेत. पहिल्याची स्तुती करून दुसऱ्याविषयी मौन पाळणारी समीक्षा सम्राटाचीच चाकरी करते.

याच्या उलट, पंतय पिलाताने इ. स. २९ ते ३१ या काळात पाडलेल्या लहान कांस्यनाण्यांवर मुखवटाच नाही. यहूदी प्रजेला मनुष्याकृती खपत नसे, याची एवढी दखल त्याने घेतली. मात्र त्याच नाण्यांवर शकुन पाहणाऱ्या रोमन पुरोहिताची वाकडी काठी आणि यज्ञातील पळी त्याने उमटविली. मुखवट्यांच्या संग्रहात या नाण्याला जागा नसते. तरीही सत्ता आणि श्रद्धा यांचा संघर्ष कित्येक देखण्या मुखवट्यांपेक्षा ते स्पष्ट सांगते. पुढे १३२ ते १३५ च्या बंडात बार कोखबाच्या अनुयायांनी चलनातील कांस्यनाणी कानशीने घासून त्यांवर आपले ठसे मारले. मुखवटा पुसणे हाही एक लेखच होय.

आपल्या ख्रिस्ती वाचनातही हाच दोष शिरतो. कॉन्स्टंटाइनचे नाणे दिसताच आपण त्यात क्रूसाचा विजय पाहू लागतो. वास्तविक ३१२ च्या मिल्वियन पुलाच्या लढाईनंतरही काही वर्षे त्याच्या कांस्यनाण्यांवर अजिंक्य सूर्यदेव हाच सम्राटाचा सोबती म्हणून मिरवत होता. ख्रिस्ताच्या नामचिन्हाने अंकित ध्वज सर्पाला भेदीत असल्याचे चित्र कॉन्स्टँटिनोपलच्या टाकसाळीत साधारणतः ३२७ च्या सुमारास आले, आणि ती नाणी दुर्मिळ आहेत. जे विपुल सापडते ते झाकून जे दुर्मिळ आहे त्यावर इतिहास उभारणे, हे श्रद्धेचे लक्षण नव्हे.

संग्राहकांचे एक म्हणणे न्याय्य आहे. खाजगी संग्राहकांनी नाणी वितळण्यापासून वाचविली आणि नाणकशास्त्राला पुष्कळ सामग्री पुरविली. परंतु आज बाजारात मातीने माखलेली कांस्यनाणी ढिगाने विकली जातात. ती कोणत्या शेतातून, कोणत्या थरातून निघाली, हे विकणाराही सांगत नाही. सोन्याचे नाणे धन्याची तिजोरी सांगते. कांस्याचा तुकडा भाकरी विकत घेणाऱ्याचा वावर सांगतो, आणि ते सांगण्यासाठी त्याचे सापडण्याचे स्थळ माहीत असावे लागते. ते हरवले की हातात केवळ राजाचा चेहरा उरतो. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे, तरी ग्राहकाने पूर्वेतिहास विचारल्याखेरीज हा व्यवहार सुधारणार नाही.

म्हणून ज्यांना हा छंद जोपासावयाचा आहे, त्यांनी सम्राटांची रांग पुरी करण्याचा हट्ट सोडावा. उगम ज्ञात असलेली, झिजलेली का होईनात, थोडी नाणी घ्यावीत. ती उलटून पाहावीत आणि त्यांनी कोणाचा विजय, कोणाचा शोक व कोणाची भाकरी वाहिली हे विचारावे. बारा कैसरांच्या देखण्या रांगेपेक्षा असा लहान संग्रह आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.