‘हाउस’ व त्याचे परीक्षक

एखादी कृति पाहतांना हंसूं आलें कीं ती हलकी ठरवावयाची, हा न्याय टीकेच्या दरबारांत फार दिवस चालत आला आहे. नोबुहिको ओबायाशी ह्या जपानी दिग्दर्शकाच्या ‘हाउस’ (१९७७) ह्या चित्रपटाच्या वांट्यास तोच न्याय आला. तो कितपत योग्य होता, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

‘जॉज’ (१९७५) ह्या अमेरिकन चित्रपटाचें यश पाहून टोहो कंपनीस तसलेंच कांहीं हवें होतें. जाहिरातपटांत नांव मिळविलेल्या ओबायाशींनीं आपल्या शाळकरी मुलीस, चिगुमीस, विचारलें कीं, तुला भीति कशाची वाटते? आरशांतलें प्रतिबिंब अंगावर येईल. पियानोच्या पट्ट्यांत बोटें सांपडतील. विहिरींत गार करावयास सोडलेलें कलिंगड वर काढावें तों माणसाचें डोकें निघेल! अशा उत्तरांवरून चिहो कात्सुरा यांनीं पटकथा रचली. सात मुली सुटींत एकीच्या मावशीकडे जातात व तें घर त्यांस एकेक करून गिळतें, एवढेंच कथानक. आकाश उघड उघड रंगविलेलें, मांजराचे डोळे मध्येंच चमकणारे. पियानो वाजविणारीस गिळून टाकतो, तरी तिचीं तुटलेलीं बोटें वाजवीतच राहतात.

जपानांतील बहुतेक टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. तरुण प्रेक्षकांनीं मात्र चित्रपट डोक्यावर घेतला. पुढें २०१० सालीं तो अमेरिकेंतील चित्रगृहांत आला, तेव्हां तेथील रसिकांनींही त्याचें हंसतखेळत स्वागत केलें. एका पक्षानें पोरखेळ म्हणून त्यास टाकिलें, दुसऱ्यानें पोरखेळ म्हणूनच कवटाळिलें. निर्णय विरुद्ध, पण पाहणें एकच. आणि आमचा आक्षेप ह्या पाहण्यावर आहे.

टीकाकारांची अडचण आमच्या साहित्यशास्त्रास अपरिचित नाहीं. हास्याचे विरोधी म्हणून भयानक व करुण ह्या दोघांस विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त सांगून ठेविलें आहे. परंतु त्याच्याही पूर्वीं आनंदवर्धनानें दाखविलें होतें कीं, विरोधी रस प्रधान रसाचें अंग होऊन आला तर तो दोष होत नाहीं. म्हणून ह्या चित्रपटांतील प्रधान रस कोणता, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. आमच्या मतें तो करुण आहे, आणि त्याचें अधिष्ठान ती मावशी आहे. तिचा वाग्दत्त वर युद्धावर गेला तो परतलाच नाहीं. ती वाट पाहतां पाहतां मेली, पण वाट पाहणें मेलें नाहीं. अविवाहित मुलींस खाल्ल्यावरच तिला आपला विवाहवेष लेतां येतो.

मावशीची ही कहाणी मुली प्रवासांत ऐकतात, तेव्हां ती आपणांस जुन्या मूकपटासारखी दिसते. त्यांत अणुबाँबचा ढग उसळतो, आणि एक मुलगी कौतुकानें म्हणते कीं, हा तर ‘म्हातारीच्या केसां’सारखा दिसतो! प्रेक्षक येथें हंसतो. पण हा दिग्दर्शक हिरोशिमा प्रांतांतील ओनोमिचीचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं तो सात वर्षांचा होता, आणि त्या बाँबनें त्याचे बालमित्र नेले. हें ध्यानांत घेतलें म्हणजे तें हंसूं घशांत अडकतें. त्या मुली दुष्ट नाहींत. ज्यांना कोणीं कांहीं सांगितलें नाहीं, अशा त्या आहेत. एका पिढीचें दुःख दुसरीस मिठाईसारखें दिसावें, हें ह्या चित्रपटांतील खरें भय होय. तुटलीं बोटें व उडणारीं डोकीं हे त्याचे केवळ अलंकार. सर्व कांहीं खोटें दिसतें तें ह्याचसाठीं, कीं त्या मुलींस युद्धही चित्रांतलेंच वाटतें.

चित्रपट निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मुलींस शोधावयास निघालेल्या शिक्षकाचा केळ्यांचा ढीग होतो, ह्या विनोदाचा मुख्य रसाशीं कांहींच संबंध लागत नाहीं; आणि मुलींच्या देहावर रेंगाळणारी नजर आम्हांस अनावश्यक वाटली. अशा स्थळीं टीकाकारांचा आक्षेप यथार्थच आहे.

ओबायाशी १० एप्रिल २०२० रोजीं निवर्तले. ‘हानागातामी’ (२०१७) ह्या उत्तरकालीन चित्रपटांतही त्यांनीं युद्धाच्या छायेंतील तारुण्यच रंगविलें. तो पाहून ‘हाउस’कडे परत वळणाऱ्यास त्या घरांतील मावशी निराळी दिसूं लागते. परंतु तिला ओळखण्यासाठीं चाळीस वर्षें थांबण्याचें कारण नव्हतें. ती पहिल्या दिवसापासून पडद्यावर दारांत उभी होती. परीक्षक नाक मुरडण्यांत व प्रेक्षक हंसण्यांत गुंतले होते, इतकेंच.