७२ टक्के मुलींनी निवडलं, पण कुठल्या मुलींनी?

गर्भनिरोधकांवर सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक आकडा हमखास समोर येतो: ७२ टक्के. तो अमेरिकेतल्या सेंट लुईस भागातल्या 'कॉन्ट्रासेप्टिव्ह चॉइस प्रोजेक्ट'मधला. १५ ते १९ वयाच्या १,४०४ मुलींना सगळी साधनं मोफत दिली, तेव्हा ७२ टक्के जणींनी तांबी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट घेतलं. २०१४ साली हा पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. मीही पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं होतं, "तरुण मुलींना दीर्घकाळ टिकणारी साधनं हवी असतात." गाईडनी समासात पेन्सिलीने एवढंच विचारलं: "कुठल्या मुलींना?"

उत्तर 'मेथड्स'मध्ये आहे, आणि आपण नेमका तोच भाग चाळून पुढे जातो. प्रकल्पात यायला अटी होत्या: किमान वर्षभर मूल नको असणं आणि नवीन साधन सुरू करायची तयारी. भरती झाली दवाखान्यांतून, गर्भपात केंद्रांतूनसुद्धा. म्हणजे या मनाशी काहीतरी ठरवून दारापर्यंत पोचलेल्या मुली. शिवाय तांबी आणि इम्प्लांट ही सर्वांत परिणामकारक साधनं, असा ठरलेला मजकूर प्रत्येकीला आधीच वाचून दाखवला जायचा. मोफत साधन, समुपदेशन आणि मुलीची स्वतःची इच्छा, तिन्ही एकत्र आलं. ७२ टक्क्यांतला कुणाचा वाटा किती, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

आता तुलना बघा. प्रकल्पात गर्भधारणेचं वार्षिक प्रमाण हजारी ३४. देशभरातल्या, लैंगिक संबंध आलेल्या मुलींमध्ये २००८ साली हजारी १५८.५. फरक डोळे दिपवणारा आहे. पण दुसऱ्या गटात काहीच न वापरणाऱ्याही आहेत आणि मूल हवं असलेल्याही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. सारखं सारख्याशी तोललेलं नाही.

म्हणून प्रकल्प टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. २०१२ साली त्याच प्रकल्पाचा आणखी एक पेपर आला होता, तो मला जास्त भक्कम वाटतो. त्यात तुलना आतल्या आत आहे. गोळ्या, पॅच किंवा रिंग वापरणाऱ्यांत साधन फसण्याचं प्रमाण दर १०० स्त्री-वर्षांमागे ४.५५, तर तांबी-इम्प्लांटवाल्यांत ०.२७. गोळ्या, पॅच, रिंगवाल्यांत २१ वर्षांखालच्या मुलींना मोठ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट धोका. निवड इथेही स्वतःचीच होती, पण अटी दोन्हीकडे सारख्याच. आणि कारणही समजतं: गोळी रोज आठवावी लागते, तांबी नाही.

एवढा कीस कशाला, असं वाटेल. कारण 'निवडलं'चं 'हवं असतं' झालं की पुढे त्याचं टार्गेट व्हायला वेळ लागत नाही. मग तांबी काढून मागणाऱ्या मुलीला "थोडं थांब" सांगितलं जातं. कंडोमचा विषय मागे पडतो, आणि लैंगिक आजार तर तांबीने रोखले जात नाहीत. आपल्याकडे कुटुंबनियोजनाची साधननिहाय टार्गेट्स १९९६ साली काढावी लागली, त्यामागची आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण तुम्हाला सांगायला नको.

तुमच्यातले काही जण उद्या एखाद्या 'मैत्री' क्लिनिकच्या बाकावर बसून फॉर्म भरून घेतील. जरूर घ्या. फक्त सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद न आलेल्यांवर लिहा: औषध दुकानातूनच कंडोम घेणारा, ओळखीचं कोणी भेटेल म्हणून दारातून परत फिरणारी. आणि निष्कर्षात 'तरुणाई' न लिहिता 'क्लिनिकमध्ये आलेले तरुण' असं लिहा. दोनच शब्द वाढतील, व्हायव्हात मात्र उत्तर देता येईल.